किल्लारीच्या भूकंपावर एकांकिका बसवतोय. भूकंप दाखवावा का?

उदगीरची_पोर

नमस्कार. मी लातूरला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव उदगीरकडचं. युवक महोत्सवासाठी आम्ही नऊ जण एकांकिका बसवतोय. विषय ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. लिहिलंय आम्हीच, दिग्दर्शन माझं. आमच्यातला एकही जण तेव्हा जन्मलेला नव्हता. आमची आजी सांगायची की त्या पहाटे उतरंडीची मडकी खडखडली, सगळे अंगणात पळाले आणि पुढे कितीतरी रात्री कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. आमच्याकडे तेवढ्यावर निभावलं. औसा आणि उमरगा तालुक्यांत जे झालं ते आम्ही वाचून आणि ऐकूनच शिकलो.

जुन्या पेपरांच्या फाइली काढल्या. वेळ पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत गणपती बुडवून, नाचून दमलेली माणसं गाढ झोपेत. हे वाचलं तेव्हाच नाटक डोळ्यांपुढे उभं राहिलं. पहिला प्रवेश विसर्जनाची मिरवणूक, दुसरा एका घरातली झोपाझोप, तिसरा भूकंप, चौथा मदतीला आलेले लोक, मंत्री, कॅमेरे. शेवटी एक मुलगी ढिगाऱ्यावर उभी राहून मृतांचा आकडा सांगते आणि पडदा. नाव ठेवलंय '३:५६'.

भूकंपाच्या प्रवेशावर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली. विंगेत दोन मोठे पत्रे टांगून हलवायचे, खाली ढोल, लाइट भकभक करायचा, सगळ्यांच्या किंकाळ्या, वरून थर्माकोलचे दगड. सव्वादोन मिनिटं चालतो.

मागच्या मंगळवारी पहिल्यांदा पूर्ण तालीम केली. हॉलची चावी ज्यांच्याकडे असते ते शिपाई मामा रोज मागच्या खुर्चीत बसून बघतात. मिरवणुकीला त्यांनी टाळ्याही वाजवल्या. पत्रे वाजायला लागले तसे ते उठले आणि बाहेर गेले. तालीम संपल्यावर पाहिलं तर पायरीवर बसले होते, चपला आतच राहिलेल्या. मी विचारलं, "मामा, काय झालं?" ते म्हणाले, "काई न्हाई. पोरी, दगड असे पडत नसतेत." एवढंच म्हणाले आणि कुलूप लावायला उठले. मी त्यांना दोन वर्षं ओळखते. ते भूकंपात पडलेल्या सास्तूरच्या बाजूचे आहेत, हे मला त्या दिवशी दुसऱ्याकडून कळलं.

तेव्हापासून मी तालीम बंद ठेवलीय. आमच्यातले काही जण म्हणतात की मामांना त्रास झाला म्हणजे प्रवेश जमलाय, हॉल हादरणार. मला ते ऐकवत नाही. पण भूकंप काढून टाकला तर भूकंपावरच्या नाटकात राहतं काय, हेही कळत नाही. त्यात आमच्या एका मित्राच्या आजोळाहून निरोप आलाय की ३० तारखेला आमच्या गावात प्रयोग करा. गाव पुनर्वसन झालेलं आहे. त्या लोकांसमोर आम्ही त्यांचंच मरण करून दाखवायचं? आम्हाला तो अधिकार आहे का? भाषा तिकडची वापरायची का? ज्यांनी हे पाहिलंय किंवा ज्यांनी असं नाटक केलंय त्यांनी कृपया सांगा. महोत्सवाला पाच आठवडे आहेत.


तेरणाकाठ

पोरी, तालीम बंद ठेवलीस ते बरं केलंस, पण फार दिवस ठेवू नको.

मी तेव्हा चौथीत होतो. गावाचं नाव लिहीत नाही, पार उद्ध्वस्त झालेल्या त्या ५२ गावांतलं एक समज. आई, धाकटी बहीण आणि आज्जा गेले. बाप त्या रात्री मांडवातल्या सामानाजवळ झोपला होता आणि मी हट्ट करून त्याच्यापाशी गेलो होतो, म्हणून आम्ही दोघं राहिलो. आता मी प्राथमिक शिक्षक आहे.

तुझे मामा जे म्हणाले ते मला वाचल्याबरोबर कळलं. त्यांना सगळं सांगणं जमणार नाही बहुतेक, म्हणून मी उलगडून सांगतो. आधी आमची जुनी घरं डोळ्यांपुढं आण. दगड-मातीच्या भिंती, दोन-दोन हात रुंद. एक भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती: बाहेरून दगडांची एक ओळ, आतून एक, आणि मधे माती अन् बारके दगड भरलेले. दोन्ही ओळींना धरून ठेवणारा आडवा लांब दगड क्वचितच असायचा. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची आणि चोपायची. आज्ज्याच्या आज्ज्यापासून हे चाललेलं, थरावर थर. उन्हाळ्यात घर गार, थंडीत ऊबदार. आम्हाला त्या घरांचा अभिमान होता. ज्याची भिंत रुंद तो मोठा माणूस, अशी रीतच होती.

त्या पहाटे भिंतीची आतली ओळ घरात आली, तिच्यामागून पोटातली माती आली आणि मग डोक्यावरचं माळवद खाली आलं. दगडानं मेलेली माणसं होती, नाही म्हणत नाही. पण माझी बहीण काढली तेव्हा तिच्या अंगावर खरचटल्याचीसुद्धा खूण नव्हती. नाकातोंडात माती होती. जी माती आम्ही उन्हाळ्यात टोपल्यांनी वर चढवली होती, तीच. म्हणून मामा तसं म्हणाले. तुमच्या नाटकात दगड पडतात. आमच्यावर माती आली.

आवाज आधी आला, जमिनीखालून, लांबून जड गाडी पुलावर यावी तसा. मी बापाला विचारणार होतो की कसला आवाज आहे, आणि तेवढ्यात सगळं झालं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तुमच्या सव्वादोन मिनिटांइतका नक्की नाही. आणि मग गावात आवाजच नव्हता. तुम्ही किंकाळ्या घातल्यात. ओरडायला तोंड मोकळं लागतं, पोरी. बाहेर असलेली आम्ही माणसंही लगेच ओरडलो नाही. चतुर्दशीची रात्र होती, दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. म्हणजे चांदण्याची रात्र. धुरळा उठला आणि शेजारी बसलेला बाप मला दिसेना. मी हात लावून बघितलं.

अजून एक गोष्ट लिहितो, ती नाटकात घे किंवा नको घेऊस. कुडाच्या झोपडीत, पत्र्याखाली राहणारी गरीब माणसं बरीच वाचली. त्यांच्या डोक्यावर पडायला काही नव्हतंच. गावात ज्यांच्या घरी आम्ही कधी पाणी प्यालो नव्हतो, त्यांनी माझ्या आईला हातांनी उकरून काढलं. पुढं सरणाला लाकूड पुरेना तेव्हा त्याच घरांच्या तुळया आणि दारं लागली. आमच्या दाराला पितळी कडी होती. बापानं ती काढून घेतली आणि मगच दार दिलं. ती कडी माझ्याकडं आहे.

मदत करणाऱ्यांवर हसू नका. ट्रकांनी पाव यायचे आणि आम्ही भाकरी खाणारी माणसं, कपड्यांचे ढीग पडलेले असायचे, पावसात भिजायचे. हे सगळं खरं आहे. पण कुठून कुठून पोरं आली होती, जवान आले होते, त्यांनी आमची माणसं काढली आणि जाळली. ते जाताना रडत होते.

आकड्याचं सांगतो. सरकारी आकडा ७,९२८ छापतात, दुसरीकडं ९,७४८ वाचायला मिळतो, भाषणांत दहा हजार म्हणतात. आमच्या घरात तीन. ढिगाऱ्यावरच्या त्या मुलीला आकडा बोलायला लावू नका. तिला दारावरची रांगोळी बोलू दे, शेजारणीकडून आणलेली वाटी परत करायची राहिली ते बोलू दे. आणि '३:५६' ही पेपरची वेळ आहे. आमच्याकडं अजून कुणाचं वय विचारलं तर म्हणतात, भूकंपाच्या आधीचा का नंतरचा.

अधिकाराचं विचारलंस. तुझ्या मामांकडं जा. नाटकाबद्दल विचारू नको, माळवद कसं घालायचे ते विचार. ते सांगतील.


नेपथ्य_नांदेड

गुरुजींनी जे लिहिलंय त्यानंतर मी लिहावं का, यावर दोन दिवस घालवले. पण तुझ्यासमोर प्रयोग आहे, म्हणून कामाचं बोलतो. मी वीसेक वर्षं युवक महोत्सवांत मुलांची नाटकं बसवतोय.

भूकंप काढून टाकू नकोस. प्रेक्षक त्या क्षणाची वाट बघत बसलेला असतो. तो क्षण आलाच नाही तर त्याला वाटेल तुम्ही घाबरलात. फक्त तो आवाजानं आणि भकभक लाइटनं आणायचा नाही. तसल्या लाइटनं काही प्रेक्षकांना झटका येऊ शकतो, हे एक. आणि थर्माकोल हा कसाही रंगवला तरी तिसऱ्या रांगेतून थर्माकोलच दिसतो.

गुरुजींच्या पत्रात तुझा प्रवेश आहे बघ. माळवदाची माती. नाटकाची सुरुवात मिरवणुकीनं करू नकोस, माळवद चोपण्यानं कर. उन्हाळा, घरातली सगळी माणसं वर, टोपल्या एका हातातून दुसऱ्या हातात, पाणी शिंपडणं, चोपण्याचा ठेका. ठेक्यावर बोलणं चालू: कुणाचं लग्न, कुणाचं ऊसबिल, कुणी नवी वाकळ शिवलीय. सहा-सात मिनिटं दे याला. प्रेक्षकाला ते घर आवडलं पाहिजे, भिंतीची रुंदी सांगताना आजोबाची छाती फुगलेली दिसली पाहिजे. त्यानंतर मिरवणूक छोटी, मग झोप. चार वाकळा अंथरलेल्या. आणि मग झोपलेली माणसं शांतपणे उठून बाजूला होतात, वाकळा रिकाम्या राहतात. ज्यांनी माळवद चोपलं तेच तिघं-चौघं सुपं घेऊन येतात आणि त्या वाकळांवर माती ओततात. सावकाश. पूर्ण उजेडात. संगीत नाही, संवाद नाही. मातीचा आवाज तेवढा. चाळीस सेकंद पुष्कळ झाले, मोजून बघ, स्टेजवर चाळीस सेकंद फार मोठे असतात.

आता अडचणी. माती आधी चाळून, उन्हात वाळवून घे, खडा नको. फार बारीक धूळही नको, पोरांच्या छातीत जाते आणि पुढच्या प्रवेशात खोकला सुटतो. थोडा भुसा मिसळ. वाकळांखाली ताडपत्री ताणून लाव, आवाज मोठा येतो आणि नंतर चारही कोपरे उचलून माती एका फेरीत विंगेत नेता येते. प्रयोगाला ३० मिनिटं आणि रंगमंच लावायला-उचलायला वेगळी मोजकी वेळ असते. माती सांडून ठेवलीत तर पुढच्या संघाचं नुकसान. सभागृहाच्या माणसाला आधी सांगून ठेव, ऐन वेळी नाही म्हणतात.

भाषेचं. तिकडचीच वापर, पण तुमच्यातली जी मुलं घरी तशी बोलतात त्यांनाच मोठे संवाद दे. शहरी पोरगं "कामून बे" म्हणायला लागलं की प्रेक्षक हसतो आणि मग गंभीर वाक्यालाही हसतो. मी हे भोगलंय. एका दुष्काळावरच्या नाटकात माझ्या नटानं बोली इतकी चढवली की आत्महत्येच्या प्रसंगाला हशा पडला. ते नाटक मी पुन्हा केलं नाही.

मामांना त्रास झाला म्हणजे प्रवेश जमला, असं म्हणणाऱ्या पोरांना माझ्याकडून एक सांग. ज्यानं घर गमावलंय त्याला पत्र्याच्या आवाजानं उठवायला नट लागत नाही, जोराचा वारा सुटला तरी पुरतो.


लाइट_मीच_करतो

मी याच ग्रुपमधला आहे. मला हे पटत नाहीये आणि उघड लिहितो. मातीची कल्पना चांगली आहे पण स्पर्धेत शेजारच्या संघांची नाटकं दणदणीत असतात. चाळीस सेकंद शांतता ठेवली की मागून शिट्ट्या सुरू होतात. आम्ही महिनाभर घासलेला प्रवेश आहे. लोकांना भूकंप किती भयंकर होता ते कळायला नको का?


नेपथ्य_नांदेड

शिट्ट्या पहिल्या दहा सेकंदांत येतील, खरं आहे. त्या येऊ देत. तुमचे ओतणारे हात थांबले नाहीत तर त्या बंद होतात. हात थांबले, कुणी प्रेक्षकांकडे बघितलं, तर संपलं. म्हणून त्या प्रवेशासाठी ग्रुपमधले सगळ्यात चांगले नट घ्या, एकही वाक्य नसलं तरी. तू लाइट करतोस तर तुझं काम अवघड आहे: त्या वेळी काहीही बदलायचं नाही.


नव्या_गावची

माझा जन्म भूकंपानंतर तीन वर्षांनी, पत्र्याच्या शेडमधून नव्या घरात गेल्यावरचा. इथे सगळे त्या रात्रीबद्दल बोलतायत. मी पुढचं सांगते, कारण त्यावर कुणी नाटक करत नाही.

माझ्या आईला भूकंपाआधी दोन मुलं होती, मुलगा आणि मुलगी. दोन झाली म्हणून तिनं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्या पहाटे दोन्ही मुलं गेली. आई-वडील राहिले. आमच्या भागात अशा कितीतरी बाया होत्या. मग डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन करून नळ्या जोडून द्यायला सुरुवात केली. आईनं ते करून घेतलं आणि मी झाले. मला माझ्या मेलेल्या बहिणीचंच नाव दिलंय. लहानपणी आई मला हाक मारायची तेव्हा कधीकधी मी समोर असूनही दाराकडे बघायची. मला ते फार उशिरा कळलं.

नवं गाव तुम्ही बघितलं नसेल तर आधी येऊन बघा. सरळ रस्ते, काटकोनात वळणारे, चौकोन पाडलेले. जमिनीप्रमाणे घरं मिळाली, २५० चौरस फूट, ४५० आणि ७५०. जुन्या गावात आमची गल्ली होती, पार होता, विहिरीवर जाताना चार घरं लागायची आणि चार घरी बोलणं व्हायचं. नव्या गावात आईची शेजारीण पार दुसऱ्या टोकाला गेली. दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी एकमेकींकडे जायला अर्धा तास चालतात. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत. आमची म्हातारी माणसं अजून जुन्या गावाला "गाव" म्हणतात आणि आम्ही राहतो त्याला "कॉलनी". तुम्ही नाटकात 'पांढरी माती' म्हणता, पण पांढरी म्हणजे गावाची जागासुद्धा. काळी शेताची, पांढरी गावाची. आमची काळी तिथेच राहिली आणि पांढरी हलली. वडील शेतात जाताना रोज जुन्या गावावरून जातात.

हे दहा मिनिटं तरी दाखवा. तुमचा चौथा प्रवेश, मंत्री आणि कॅमेरे, तो काढा. ते खूप वेळा झालंय. आम्हाला भूकंपग्रस्त म्हणून दाखला मिळतो, नोकरभरतीत त्याचं समांतर आरक्षण आहे. त्यावरून कॉलेजात मला ऐकवलेलंही आहे की तू तर भूकंपानंतर जन्मलीस, तुझा काय संबंध. मी त्या मुलीला काही बोलू शकले नाही. तुमच्या नाटकातल्या मुलीनं बोललं तर मला बरं वाटेल.

३० तारखेचं. बोलावणं कुणी केलंय ते बघा. त्या दिवशी सकाळी श्रद्धांजली असते, पाहुणे असतात, भाषणं असतात. घरात त्या दिवशी बाया फार बोलत नाहीत. आई चूल उशिरा पेटवते. त्या संध्याकाळी ढोल आणि माईक नको. दसऱ्यानंतर या, शनिवारी-रविवारी या. आणि मला वाटतं आधी एकदा नाटकाशिवाय या. नुसतं जेवायला या.


तेरणाकाठ

ताई, तुमचं वाचून माझे हात थांबले. आमच्या गावातही त्या ऑपरेशनच्या बाया होत्या, माझ्या वर्गात त्यांची मुलं शिकून गेली. मी हे कधी या बाजूनं बघितलं नव्हतं. दिवसाबद्दल त्या म्हणतात तेच बरोबर.


संहिता_आणि_परवानगी

थोडं कागदपत्रांचं, कारण ऐन वेळी अडतं. गावात किंवा सभागृहात जाहीर प्रयोग करायचा तर महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पाच आठवडे म्हणजे वेळ कमी आहे, उद्याच पाठवा. संहितेत खऱ्या माणसांची नावं, खऱ्या कुटुंबाचा प्रसंग घेणार असाल तर त्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याचा होकार मिळाल्याशिवाय घेऊ नका. कडीचा प्रसंग गुरुजींचा आहे, ऑपरेशनचा ताईंच्या आईचा आहे. इथे लिहिलं म्हणजे दिलं, असं होत नाही.

एक चूक दिसली तीही सांगते. दुसऱ्या धाग्यावर तुमच्या संहितेचं एक पान होतं, त्यात पुण्यातला मुलगा पहाटे गावी मोबाइल लावतो. आपल्याकडे मोबाइल १९९५ ला आला. १९९३ ला तो एसटीडी बूथवर रांगेत उभा असेल, किंवा रेडिओच्या बातम्यांत आपल्या गावाचं नाव येतंय का ते ऐकत. ते जास्त जिवाला लागतं.


उदगीरची_पोर

सगळ्यांना नमस्कार. बारा दिवसांनी लिहितेय.

मी मामांकडे गेले. गुरुजींनी सांगितलं तसं नाटकाचं काढलंच नाही, माळवदाचं विचारलं. ते आधी म्हणाले, "आता कामून पायजे तुला?" मग हॉलच्या पायरीवर बसून तासभर सांगत राहिले. पांढरी माती कुठून आणायची, किती भिजवायची, पाय कसे टाकायचे, कोपऱ्यात पाणी मुरतं म्हणून तिथे जास्त कशी चोपायची. बोलता बोलता उठून दाखवायला लागले. आमची पोरं एकेक करून आत-बाहेर करता करता थांबली आणि त्यांच्यामागे उभी राहून तसंच करायला लागली. मामांनी एकाला हाताला धरून बाजूला केलं, "तू तर उंदीर मारायलास." त्या संध्याकाळी आम्हाला पहिला प्रवेश मिळाला.

कोण गेलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण चौथ्या दिवशी आम्ही चोपण्याचे संवाद म्हणत होतो, त्यात आजोबा नातवाला हाक मारतो. मामा खुर्चीतून म्हणाले, "माळवदावर नाव घेऊन हाक मारत नसतेत, खाली कुणाला लागंल म्हणून नुसतं 'ए बाजूला' म्हणतेत." आम्ही ते घेतलं. मातीच्या प्रवेशाला ते उठून जातात. मी आधी त्यांना सांगते, "मामा, आता तो येणार." ते "हं" म्हणतात, बाहेर जातात, संपला की येतात. मी प्रयोगाला या म्हटलं, ते नाही म्हणाले. पण रात्री दहापर्यंत हॉल उघडा ठेवतात.

पत्रे आणि थर्माकोल गेले. मंत्री गेले. लाइटवाल्यानं चाळीस सेकंद एकही बटण न दाबता बसायची सवय केलीय, पहिल्या दिवशी त्याचा हात तीनदा गेला. ढिगाऱ्यावरची मुलगी आता नव्या गावातल्या चौकोनी रस्त्यावर उभी असते आणि आईच्या शेजारणीचं घर शोधते. तिला कॉलेजात टोमणा बसतो तो प्रसंगही आहे. ताई, तुमच्या आईंचा प्रसंग तुम्ही फोनवर हो म्हणाल्यावरच लिहिला आणि त्यातलं नाव ठेवलेलं नाही. गुरुजी, कडी घेतलेली नाही. ती तुमचीच राहू दे असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. संहिता पाठवलीय, मोबाइल काढून एसटीडी बूथ घातलाय.

नाव बदललं. 'पांढरी'.

३० तारखेला प्रयोग करणार नाही असं गावाला कळवलं. थोडे नाराज झाले, मग दसऱ्यानंतरचा रविवार दिला. त्याआधी या शनिवारी आम्ही सहा जण ताईंच्या घरी जेवायला जातोय, सकाळी सातच्या एसटीनं. ताई, आईंना शेंगाची पोळी करायचा त्रास घेऊ नका म्हणावं, पिठलं-भाकरी पुरे. त्यांची शेजारीण येणार असेल तर तिला आणायला आम्ही दोघं जाऊ.

आणि इथे लातूरमध्ये कुणाकडे बांबूचं जुनं सूप असेल तर सांगा. तीन मिळालीत, चौथं नवं आणलं तर त्यातून माती पडताना आवाज वेगळा येतो.